चूलबंद आवतण

माझ्या भाचीचं लग्न ज्या बेटावर झालं त्याचं नाव मी सांगणार नाही. एक तर मला ते अजून धड उच्चारता येत नाही, आणि दुसरं म्हणजे जे झालं त्यात बेटाचा काही दोष नाही. ते बिचारं समुद्रात गप पडलेलं होतं. आम्हीच उठून तिथं गेलो.

मी बजरंग. मूळचा उमरीचा, पण मुखेडच्या एसटी स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो, म्हणून घरही तिथंच केलं. तीन तास उशिरा येणारी गाडी 'थोड्याच वेळात' येत आहे, हे माईकवरून न लाजता सांगणं हे माझं काम. त्यामुळं वेळ मारून नेणाऱ्या माणसाचा आवाज मी लगेच ओळखतो. माझी थोरली बहीण, आमची आक्का, मुखेडपासून अर्ध्या तासावर बोरदऱ्याला दिली. दाजी शेषेराव म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. साठ एकर जमीन, मुखेडात बी-बियाण्यांची दोन दुकानं, आणि गावात कोणाचंही लग्न असो, पहिला फेटा दाजींना. त्यांची एकुलती एक लेक तनुजा पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत. तिथंच तिला लातूरचा हरिओम भेटला. जात जुळली, पत्रिका जुळवून घेतली, दोन्ही घरं खूश झाली. शहाण्या माणसांनी इथून सरळ मंगल कार्यालय गाठलं असतं.

पण हरिओमचे वडील सिद्धेश्वर सर. लातुरात त्यांचे क्लासेस आहेत आणि ते डॉक्टर घडवतात. शिरूर अनंतपाळच्या रस्त्यापर्यंत त्यांचे फलक आहेत, त्यावर पोरांचे फोटो लहान आणि सरांचा मोठा. सुपारी फुटली त्या दिवशी सर म्हणाले, "मंगल कार्यालयात काय, कोणीही लग्न करतं. आपण डेस्टिनेशन करू."

"करू की," दाजी म्हणाले, आणि परतीच्या वाटेवर गाडीत मला हळूच विचारलं, "बजरंगराव, हे डेस्टिनेशन बार्शी रोडला हाय का औसा रोडला?"

पुढच्या बैठकीला उलगडा झाला. सरांच्या थंडगार केबिनमध्ये प्रीतम नावाचा तरुण आला होता. पोरगा नांदेडचाच, पण पुण्यात चार वर्षं लग्नं लावून त्याची मराठी बिघडली होती. त्यानं भिंतीवर चित्रं दाखवली. निळा समुद्र, पांढरी वाळू, नारळाची झाडं, आणि मध्ये चार बांबू. त्या चार बांबूंना मांडव म्हणायचं होतं. हळद सूर्यास्ताला, वाळूत अनवाणी. कपडे फिकट रंगाचे, फोटोत समुद्राशी भांडू नयेत म्हणून. जेवणात 'आपल्या मातीचा टच' म्हणून येसर आमटी, पण काचेच्या बोटभर प्याल्यात, ज्याला तो शॉट म्हणत होता. आमच्याकडं येसर म्हणजे पातेल्यात पळी उभी राहते. मी म्हणालो, "पोरा, एवढ्यात तर आमच्याकडं डोळ्यात औषध घालतात." तो म्हणाला, "एक्झॅक्टली, मामा."

खोल्या मोजक्या होत्या. तीस माणसं नवऱ्याकडची, तीस नवरीकडची. सरांनी फळ्यावर यादी करायची पद्धत समजावून सांगितली. रक्ताचं नातं असेल तर इतके गुण, परदेश प्रवासाचा अनुभव असेल तर इतके, फोटोत शोभणारा चेहरा असेल तर इतके. "कट-ऑफ लावल्याशिवाय गर्दी आवरत नाही, शेषेराव," ते म्हणाले. दाजी मान डोलवत राहिले. लेकीच्या सासऱ्यापुढं मराठवाड्यातला बाप दुसरं काही करू शकत नाही. मी मामा, अंतरपाटाजवळ उभं राहायला लागतोच, म्हणून मी परीक्षा न देता पास झालो.

प्रीतमनं निमंत्रणासाठी तीस पेट्या बनवल्या. पेटीत शिंपला, बाटलीत वाळू, चार बदाम आणि इंग्रजी पत्रिका. पहिली पेटी गावच्या मारुतीपुढं ठेवायची म्हणून दाजी आणि मी बोरदऱ्याला पारावर गेलो. शनिवार होता, माणसं होती. मारुतीनं आजवर शेकडो पत्रिका पाहिल्या असतील, वाळू पहिल्यांदाच.

आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. आमच्या भागात लग्नाचं आवतण दोन तऱ्हेचं असतं. घरटी एक म्हणजे घरातून एका माणसानं जेवायला यायचं. आणि चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्यापर्यंत, सालगडी आणि आलेला पाहुणा धरून सगळ्यांनी यायचं. आता घरोघर गॅस आलाय, पण शब्द तोच आहे, आणि वजनही तेच. चूलबंद देणारा माणूस गावात पुढची पन्नास वर्षं ओळखला जातो. दाजींच्या स्वतःच्या लग्नाला त्यांच्या वडलांनी दिलं होतं.

पारावर दाजींची चुलती धोंडाबाई काकी बसली होती. वय ऐंशीच्या आसपास, दृष्टी अधू, कान आणि जीभ शाबूत. तिनं पेटीवरून हात फिरवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"लेकीचं लगीन काढलास म्हनं, शेषा. आवतण कसं हाय? घरटी एक का चूलबंद?"

हा प्रश्न बोरदऱ्यात प्रत्येक लग्नाआधी विचारला जातो आणि दाजींनी आयुष्यभर भावकीच्या लग्नांत त्याचं उत्तर दिलेलं आहे. तोंडाला सवय. मी त्यांच्या दंडाला चिमटा काढायच्या आत ते बोलून गेले होते.

"चूलबंद, काकी! एकच लेक हाय माजी. घरटी एक सांगून मला लाजीवतीस का?" वर गावाच्या नजरा पाहून त्यांना आणखी चढलं. पाराच्या कडेला निवृत्तीराव पेपर वाचत होते. बौद्ध वस्तीतले, तलाठी म्हणून रिटायर झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांच्याकडं वळून दाजी म्हणाले, "तुमच्या वस्तीला बी, निवृत्तीराव. सगळा गाव!"

निवृत्तीरावांनी पेपर घडी घालून मांडीवर ठेवला आणि हात जोडले.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "दाजी, खोल्या तीस माणसांच्या हायत. गाव सहाशेचं हाय."

"आवो, बोलायची पद्धत असती. समुद्रापल्याड कोन येतंय? तेवढं कळत न्हाई का गावाला?"

"मग आत्ताच माघारी फिरू. चुकून बोललो म्हणा. हसतील आन् इसरतील."

"पारावर दिलेली जबान वापस घिऊ? मला त्या गावात मरायचं हाय, बजरंगराव." मग त्यांना तोड सापडली. "पासपोर्ट लागतो न्हवं? ज्याचा पासपोर्ट हाय त्यो येईल, असं सांगू. गावात हाय कुनाकडं पासपोर्ट?"

होते. दोघांकडं. निवृत्तीराव आणि त्यांच्या पत्नी सरजाबाई दोन वर्षांपूर्वी श्रीलंकेला बोधिवृक्षाच्या दर्शनाला जाऊन आले होते. दाजींनी संध्याकाळी पासपोर्टची अट पारावर सांगितली, आणि ज्या भावकीनं निवृत्तीरावांच्या घरचा चहा कधी घेतला नव्हता, ती दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ओसरीवर फॉर्म भरायला रांगेत बसली. सरजाबाईंनी सगळ्यांना चहा केला. सगळ्यांनी घेतला. परदेशवारीपुढं विटाळ मागं पडतो, हा शोध बोरदऱ्यात लागला.

पुढचे दोन महिने गावानं दुसरं काही केलं नाही. जीपा भरभरून लोक नांदेडच्या पासपोर्ट कार्यालयात जाऊ लागले. तिथल्या बाईंना आधी वाटलं काहीतरी घोटाळा आहे, कारण अर्ध्या गावाची जन्मतारीख एक जून. आमच्याकडं शाळेत नाव घालताना मास्तर जी तारीख टाकतात ती हीच. बाईंनी विचारलं, एका गावात एकाच दिवशी एवढी बाळंतपणं कशी? धोंडाबाई काकी म्हणाली, "सगळी मास्तराच्या हातची हायत, माय." काकी स्वतः शाळेत गेलेली नव्हती, त्यामुळं तिचा जन्म 'ज्या साली पाटलाची विहीर ढासळली, त्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' झाला होता. त्याचं प्रतिज्ञापत्र झालं. पोलीस पडताळणीला आलेला शिपाई मला स्टँडवर गाठून म्हणाला, "मामा, गाव कामून पळून चाललंय? कोनी त्रास द्यून राह्यलं का?"

मी सिद्धेश्वर सरांना फोन केला. म्हटलं, आमच्याकडून थोडी माणसं वाढतील.

"किती?"

"सहाशे."

पलीकडून सर हसले. "मामा, तुम्ही फार विनोदी आहात," म्हणाले आणि फोन ठेवला. वाहतूक नियंत्रक खरं बोलला की लोक नेहमी हसतात.

एकदा मी निवृत्तीरावांकडं गेलो. मनात होतं, या माणसाला खरं सांगावं, हा गावाला समजावेल. ते चष्मा लावून कोणाचा तरी फॉर्म भरत होते. मी विषय काढायच्या आत तेच बोलले.

"एक सांगू का, बजरंगराव? ह्या गावात आमच्या वस्तीला आजवर घरटी एकच आवतण असायचं. पंगतबी शेवटची. चूलबंद आमाला पहिल्यांदा मिळालं. सरजाबाई तर रोज येक लुगडं काढती आन् घडी घालून ठिवती."

आतून कपाटाचं दार वाजलं. मी चहा संपवला, कप ठेवला आणि उठून आलो. दाजींना मी भित्रा म्हणत होतो, पण त्या दिवशी ओसरीवर मी काय वेगळा होतो? आजही ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

पासपोर्ट यायला लागले. पोस्टमन रोज गठ्ठा आणायचा. आणि दाजींना ज्याचा त्याचा फोन यायचा की कधी निघायचं. दाजी म्हणायचे, कळवतो. शेवटी निघायचा दिवस त्यांनी मुद्दाम मुखेडच्या बाजाराचा निवडला, गाव रिकामं असतं म्हणून. भर दुपारी आम्ही तीस जण दोन गाड्यांत दबून बसलो आणि शिवारातल्या वाटेनं हैदराबादच्या विमानाला निघालो. साठ एकरांचा मालक आपल्याच शेतातून चोरासारखा चालला होता.

बांधावर धोंडाबाई काकी उभी. तिला बाजार झेपत नाही. गाडी थांबवावीच लागली.

"कुटं निघालास, शेषा?"

"हे... तिरुपतीला. पत्रिका ठिवाय."

"मग आमी कवा निघायचं?"

"कळवतो, काकी. थोड्याच दिवसांत."

हुबेहूब माझा माईकवरचा आवाज. काकी म्हणाली, "पिशवी भरून ठिवलीय मी," आणि बाजूला झाली.

लग्न छान झालं. छान म्हणजे प्रीतमच्या कागदावर होतं तसं. हळदीला वारा सुटला आणि हळद आमच्या आक्काऐवजी एका जर्मन जोडप्याला लागली. त्यांना आनंद झाला. सर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ड्रोनकडं हात करत होते, पुढच्या वर्षीच्या फलकासाठी. मी कोटात अंतरपाटाजवळ घाम पुसत उभा होतो. मंगलाष्टकं लाटांच्या आवाजात कोणालाच ऐकू आली नाहीत, त्यामुळं अक्षता अंदाजानं टाकल्या. पोरगी मात्र दिसत होती सुंदर. तिचा काय दोष? तिला पार, आवतण यातलं काहीच माहीत नव्हतं, आम्ही कळूच दिलं नव्हतं.

जेवणं चालू होती. तिकडचं घड्याळ अडीच तास पुढं, म्हणजे बोरदऱ्यात साडेबारा वाजले होते. दाजी दुसऱ्यांदा ताट भरून बसले होते, हातात येसरचा तो बोटभर प्याला होता, आणि आक्काच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. कोणा पोराचा असेल म्हणून तनुजानं तो उचलून मोठ्यानं लावला.

मारुतीचं पटांगण दिसलं. लग्नाची तारीख तिथं ठेवलेल्या पत्रिकेवर होतीच. सगळं गाव पंगतीत बसलं होतं. ओळीनं, मांडी घालून, धुतलेल्या कपड्यांत. बाप्यांच्या डोक्यावर टोप्या, बायांच्या डोक्यावर पदर, पोरांचे केस तेल लावून बसवलेले. वस्तीतली माणसंही त्याच ओळींत, मध्ये अंतर नाही. सरजाबाई नव्या लुगड्यात. आणि कोणापुढंच ताट नव्हतं, पत्रावळ नव्हती, पाण्याचा तांब्यासुद्धा नव्हता. मग काकीचा चेहरा आला.

"शेषा, लागलं का रं लगीन?"

"लागलं, काकी."

"ब्येस झालं. आमी बसलाव बग. सकाळधरनं कुनी चूल पेटवली न्हाई. लेकरं रडून राहिलीत जरा, पर चूलबंद म्हंजी चूलबंद." तिनं चेहरा फोनच्या आणखी जवळ आणला. "तू जेवलास का?"

ती टोमणा मारत होती की नुसतं सवयीनं विचारत होती, हे मला आजवर कळलेलं नाही. आमच्याकडं घरचा यजमान गाव जेवल्याशिवाय घास घेत नाही. दाजींच्या ओठाला आमटी लागलेली होती.

"न्हाई, काकी," ते म्हणाले.

"मग थांब. आमी बी थांबताव," काकी म्हणाली आणि फोन बंद झाला.

तनुजानं सगळं माझ्याकडून काढून घेतलं. पाच मिनिटांत सांगून झालं, पाच मिनिटांचंच होतं. ती बापाला एवढंच म्हणाली, "पप्पा, मला एकदा सांगायचं तरी. मी काय समुद्रासाठी मरत होते?" आणि रडायला लागली. प्रीतमनं फोटोवाल्याला खूण केली, त्याला वाटलं बिदाईचं रडणं आहे. दाजींनी ताट बाजूला सारलं. तिथून हैदराबादपर्यंत त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मला त्या माणसाची दया आली आणि त्याला हलवून विचारावंसंही वाटलं, की अरे, पारावर एक वाक्य बोलायला काय झालं होतं तुला?

परत आल्यावर गावात कोणी एक शब्द काढला नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. राम राम घातला की राम राम मिळायचा. दाजींनी आठ दिवसांत पंगत ठरवली. उदगीरचे आचारी आले, बुंदी पडली, भात, वरण, आणि येसर आमटीची दोन मोठी पातेली, पळी उभी राहील अशी. मारुतीपुढं मंडप. तनुजा आणि हरिओम पुण्याहून आले, पोरगं चांगलं निघालं, स्वतः पत्रावळी मांडायला लागलं. दाजी घरोघर स्वतः फिरले, वस्तीतसुद्धा, प्रत्येक उंबऱ्यावर अक्षता ठेवून हात जोडून म्हणाले, "चूलबंद." प्रत्येक घरानं अक्षता घेतल्या आणि म्हटलं, "हाव, यिऊ की."

पंगतीच्या दिवशी साडेअकराला आम्ही मंडपात तयार होतो. दाजींनी नवा फेटा बांधला होता आणि वाढायला हातात पळी घेतली होती. गाव शांत होतं. मग भावकीच्या आळीतून कुकरची एक शिट्टी झाली. दाजींनी तिकडं पाहिलं. दुसऱ्या घरातून झाली. मग मारुतीच्या मागून, मग पाटलाच्या बाजूनं, मग वस्तीतून. थोड्या वेळात सगळ्या गावात शिट्ट्या चालू झाल्या, आणि फोडणीचा वास मंडपापर्यंत आला. एकही घर सुटलं नव्हतं. आचारी एकमेकांकडं बघत राहिले. दाजी पळी धरून तसेच उभे होते.

मग माणसं आली. घरटी एक. निवृत्तीराव एकटेच आले. नीट बसले सगळे, नीट जेवले. चार घास भात, एक बुंदी, हात धुऊन राम राम. कोणी नावं ठेवली नाहीत, कोणी तोंड वाकडं केलं नाही. नवरा-नवरीला आशीर्वाद मिळाले. सहाशे माणसांचा स्वयंपाक वाफ सोडत तसाच पडून राहिला.

शेवटी धोंडाबाई काकी काठी टेकत आली. तिच्या घरातली ती एक. दाजी स्वतः धावले, पत्रावळ मांडली, आमटी वाढली, भातावर तूप ओतलं.

"काकी, पोटभर जेव. मला चार शिव्या घाल, पर जेव."

काकीनं एक घास तोंडात घातला, हळूहळू चावला, गिळला. मग हात पत्रावळीतच धुतला.

"चांगली झालीय आमटी," ती म्हणाली. "पर मी घरून जेवून आले, बाबा. सगळ्यांचं झालं. आता तू बस."